हवा कापून दाखव

अंजनेरी कॉलनीत पहिली अफवा अशी उठली, की नवसाबाई अहिरे गच्चीवर चाळण्या लावून लोकांचं बोलणं गाळून ऐकते.

अफवा सकाळच्या दुधाच्या पिशव्यांबरोबर घरोघर पोचली. बिल्डिंग दोनमधल्या काकू बिल्डिंग सातमधल्या काकूंना सांगत होत्या, "अगं, चाळणीचं तोंड बरोब्बर आमच्या खिडकीकडे आहे. परवा आमच्याकडे वांग्याचं भरीत होतं. दुपारी दुकानात गेले तर ही बाई मलाच विचारते, 'काय वहिनी, वांगं गोड निघालं का?' आता बोल!"

ही अफवा साफ खोटी. भाजलेल्या वांग्याचा वास ओळखायला नाक पुरतं. आणि बोलणं ऐकायचं म्हणाल, तर अंजनेरी कॉलनीत कुणाचं बोलणं ऐकायला यंत्र लागत नाही, न ऐकायला लागतं.

चाळण्या मात्र खऱ्या. भांडी बाजारातून डझनावारी आणलेल्या, स्टीलच्या, पुऱ्या निथळायला घेतात तसल्या खोलगट. प्रत्येकीच्या पोटात एक बोटभर दांडी, दांडीला वायर, वायरीच्या टोकाला राऊटरचा डबा, आणि डब्यावर पावसापासून वाचायला उपडं केलेलं श्रीखंडाचं भांडं. या गच्चीवरची चाळण त्या गच्चीवरच्या चाळणीकडे बघत बसलेली. त्यातून गाळून यायचं ते बोलणं नव्हे, इंटरनेट. तेही वायरीशिवाय. नाशिक रोडला, रेल्वेच्या पुलापलीकडे, दोन हजार सहा साली, एवढं सांगूनसुद्धा काकूंना वांगंच खरं वाटत होतं, त्याला कोण काय करणार?

नवसाबाई मूळची बागलाणातली, मोसम नदीच्या काठची. मुलगा व्हावा म्हणून बापाने नवस बोललेला, आणि झाली ही. बाप हट्टी. "देवाने ऐकलं ते ऐकलं, आपण फिरायचं नाही," म्हणून त्याने नवस फेडला आणि पोरीचं नाव नवसाबाई ठेवलं. तोच हट्ट पोरीत उतरला. नाशिकला येऊन तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. नव्वदच्या सुमाराला कॉलनीचे टीव्ही दुरुस्त केले, मग गेटपाशी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ टाकला, आणि मोबाईलने बूथ खाल्ला तेव्हा त्याच गाळ्यात चार कॉम्प्युटर मांडून 'नवसाई सायबर कॅफे' उघडला.

तिच्या बोलण्याचं एक गुपित सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होतं. ती 'आहे' म्हणत असली तर धंदा चालू. तिच्या बागलाणी बोलीतला 'शे' तोंडातून निघाला, की चपला हातात घेऊन पळा.

कॉलनी म्हणजे बारा बिल्डिंगा. गेटाकडच्या ओळीत एक ते सहा, त्यांच्यामागे सात ते बारा. कॅफेतलं इंटरनेट घरोघर द्यावं म्हणून नवसाबाईने आधी वायरच टाकली होती, या गच्चीवरून त्या गच्चीवर. पण कॉलनीत टीव्हीची केबल होती शेखरशेठची, आणि आता त्यालाही नेट विकायचं होतं. नवसाबाईची वायर तीन आणि चार नंबरच्या मधोमध तुटली. जोडली. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा शेखरशेठ स्वतः चौकशीला आला. हा माणूस गळा कापताना पण "आपण घरचेच" म्हणेल असा.

"मॅडम, आपण घरचेच म्हणून सांगतो. उंदीर झालेत फार."

नवसाबाईने वायरीचं टोक त्याच्या नाकासमोर धरलं. टोक कसं, तर नव्या खडूसारखं सपाट.

"शेखरभाऊ, तुन्हा उंदिरले पकड कोनी दिधी?"

गेटपाशी उभी होती तेवढी माणसं पोट धरून हसली. पकड घेतलेला उंदीर कॉलनीत महिनाभर जिवंत राहिला. दिवसभर दुकानात पडीक राहून सगळ्यांच्या नकला करणाऱ्या कार्ट्याने, म्हणजे हे लिहिणाऱ्याने, त्याचा आवाजसुद्धा तयार केला, बारीक, आणि वाक्याच्या शेवटी "आपण घरचेच".

शेखरशेठ हसला नाही. जाता जाता म्हणाला, "हे दुकान किती दिवस? बंद करा. माझ्या ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायला बसा. आवाज आहे तुम्हाला."

तो टोमणा तिला लागला. तक्रारी लिहून घ्यायच्या, त्याही याच्या! पुढच्या महिन्यात चारांतले दोन कॉम्प्युटर विकले गेले आणि त्यांच्या जागी डबे आले. नवरा गेणू पिंपळगावला द्राक्षांचा टेम्पो चालवायचा. त्याने एका रविवारी चाळण्यांच्या तळाला दांडीपुरती भोकं पाडून दिली. गच्चीवर मात्र चढला नाही, त्याला उंचीची चक्कर यायची. चढली नवसाबाई, साडी खोचून, दातांत स्क्रू ड्रायव्हर धरून. काम झालं तेव्हा खाली रस्त्यावर शेखरशेठ मोटरसायकल लावत होता. तिने वरून दोन्ही हात पसरले.

"शेखरभाऊ! हाई ले! काप आते हवा!"

हे झालं आणि मग सोसायटीची आमसभा आली.

सोसायटीचे चेअरमन रावजी अण्णा. चार नंबरला राहणारे, सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि घसा साफ केल्याशिवाय त्यांचा एकही नियम बाहेर पडत नसे. शेखरशेठ सभेला पेढे घेऊन आला. गेट रंगवून देतो, गणपतीत ऑर्केस्ट्रा आणतो, फक्त कॉलनीत नेट एकाचंच असावं, म्हणाला.

"ह्हूं," अण्णांनी घसा साफ केला. "गच्ची ही सामायिक. तिथे कुणीही येऊन भांडी वाळत घालावीत, असं नियमात नाही."

"भांडी नाहीत, अँटेना आहेत," नवसाबाई म्हणाली.

"ह्हूं. आमच्या हिच्याकडे अगदी तशीच आहे. ती त्यात साबुदाणा निथळते."

सभा हसली. शेखरशेठ पेढ्याचा डबा पुढे सरकवतच होता. नवसाबाई उठून उभी राहिली.

"पेढे निकालानंतर वाटतात, अण्णा. बारावीचा निकाल आहे जूनमध्ये. कॉलनीत पंधरा-वीस पोरं आहेत बारावीला. सगळी एकदम नेटवर तुटून पडणार. त्या दिवशी ज्याच्या नेटवर मागच्या ओळीला निकाल दिसेल, गच्ची त्याची. दुसऱ्याने संध्याकाळपर्यंत सामान उतरवायचं."

अण्णांनी शेखरशेठकडे पाहिलं. शेखरशेठने हसून मान डोलावली. त्याची केबल जाडजूड, त्याला कसली भीती? सचिवांनी ठराव लिहून घेतला. घरी जाताना गेणू एवढंच म्हणाला, "नवसे, आपलं सगळं आता वरच आहे गं. ते उतरलं तर खाली काय राहिलं?"

खाली राहत होती शेखरशेठच्या ऑफिसातली खुर्ची. ते तिलाही कळत होतं, म्हणून ती मान वर करून एकेक गच्ची बघत चालली.

आणि भीतीचं कारण होतं. नेट चालत होतं, पण कसं? बैलाने लोळण घ्यावी तसं. दुकानात भन्नाट, एक नंबरच्या गच्चीवर बरं, तीनवर रडतखडत, आणि मागच्या ओळीत पोचेपर्यंत प्राण गेलेला. मागच्या ओळीतल्या दहा नंबरच्या पूजाने येऊन सांगितलं, "मावशी, मी मेल उघडला, अंघोळ करून आले, वेणी घातली, तरी 'प्लीज वेट'च." ही पूजा स्वतः बारावीची, त्यामुळे तिचं नख कुरतडणं दुहेरी होतं.

नवसाबाईने चाळण्या फिरवून पाहिल्या, डबे बदलले, वायरी बदलल्या. एक गोष्ट मात्र बदलली नाही, कारण तिच्यात काही चुकलेलं असेल हे मनातच येत नव्हतं. हे डबे हवेतून बोलायचे ते कुठल्या तरी चॅनलवर, आणि तो चॅनल आपण निवडायचा: एक ते अकरा, कुठलाही. डबे कंपनीतून यायचे ते सहावर लावलेले. नवसाबाईने पहिला डबा उघडला तेव्हाच नाक मुरडलं होतं. "सहा? आहेराच्या पाकिटात कधी कुणी सहा घालतं का?" आणि शुभकार्य म्हणून तिने प्रत्येक डब्यावर घातले अकरा. वर कुंकवाचं बोट. पहिल्या डब्यासमोर नारळ.

अख्ख्या कॉलनीच्या गच्च्या, झाडून सगळ्या, शकुनाच्या अकरावर बोलत होत्या.

याचा उलगडा झाला तो भलत्याच वाटेने. एका दुपारी कार्टं दुकानात बसून आमसभेची नक्कल करत होतं. पण कैऱ्या खाऊन घसा बसलेला. अण्णा काय, शेखरशेठ काय, गेणूकाका काय, सगळे एकाच घोगऱ्या आवाजात बोलायला लागले. नवसाबाई स्क्रीनवरून मान न उचलता खेकसली:

"कोन काय बोली ऱ्हायना, काही समजत नही! ज्याना त्याना येगळा आवाज काढ ना!"

आणि तिथंच थांबली. हातातला माऊस टेबलावर तसाच. 'शे' ऐकायच्या तयारीत कार्टं दाराकडे सरकलं, पण ती ओरडलीच नाही. ती मोसमच्या काठावर पोचली होती.

तिचा बाप तिथला पाटकरी. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचं पाणी कुणाला, कधी, किती, हे बघणारा माणूस. गावची जमीन फडांत वाटलेली, आणि फडाचा कायदा म्हणजे कायदा: एका फडात एकच पीक. या फडात ऊस, तर बांधापलीकडच्या फडात गहू, त्याच्या पलीकडे हरभरा. ज्याचं पाणी त्याला. उसाचं पाणी हरभऱ्याला पाजलं तर हरभरा कुजणार. लहानपणी तिने विचारलं होतं, सगळीकडे ऊसच लावला तर? बाप म्हणाला होता, "मग पाटावर पाणी नही, काठ्या दिसतीन."

गच्च्यांवर काठ्याच चालल्या होत्या. प्रत्येक गच्चीवर दोन डबे, एक मागच्या गच्चीचं ऐकणारा, दुसरा पुढच्या गच्चीला सांगणारा. दोघेही अकरावर. सांगणारा बोलला की शेजारचा ऐकणारा बहिरा, आणि त्यांचा गलका ऐकून पलीकडच्या गच्च्याही गप्प. एसटी स्टँडवर दहा कंडक्टर एकदम "सिन्नर सिन्नर" ओरडले तर सिन्नरची गाडी सापडेल का कुणाला?

दुसऱ्याच सकाळी ती रंगाचा डबा घेऊन वर चढली. एक, सहा आणि अकरा, हे तीन चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत, एवढं तिला डिप्लोमावाल्या डोक्याने ठाऊक होतं. तिने एकला म्हटलं गहू, सहाला हरभरा, आणि अकराला ऊस. दुकान ते एक नंबर ऊस, एक ते दोन गहू, दोन ते तीन हरभरा, मग पुन्हा ऊस. डब्यांवर आकडे नाहीत, पिकांची नावं रंगवलेली, म्हणजे हात लावणाऱ्याला चुकायला जागा नको.

संध्याकाळी पूजा धावत आली. "मावशी, वेणी अर्धीच झाली आणि मेल आला!"

"म्हणजे अकरा चुकला होता ना?" कार्ट्याने विचारलं.

"अकरा कसाले चुकी?" नवसाबाई उसळली. "अकरा शुभच शे! पन समदास्नीच अकरा घातले तर आहेर कोन घेई?"

चूक कबूल करणं बागलाणात पिकत नाही.

तेव्हापासून कॉलनीची भाषा बदलली. नेट संथ झालं की गॅलरीतून हाक यायची, "अहो, आमच्या गच्चीवर आज ऊस आहे की हरभरा?" आणि रावजी अण्णा जिन्यात उभे राहून, "ह्हूं, पिकाचा नियमात उल्लेख नाही."

एक कटकट उरली. डबे आपली वाट आपणच शोधायचे, पण शोधायचे कसे, तर उड्या मोजून. कमीत कमी गच्च्यांवरून उडी मारत जी वाट जाईल ती. म्हणून मागच्या ओळीचा सगळा माल चार नंबरच्या गच्चीवरूनच पळायचा, आणि संध्याकाळी तिथे मुंबईच्या हायवेवर कांद्याच्या ट्रकांची लागते तशी रांग. नवसाबाईने इंटरनेटवरच्या देशोदेशीच्या मंडळींनी लिहून ठेवलेलं वाचलं, डब्यांच्या आतला प्रोग्रॅम बदलला, आणि त्यांना उड्या सोडून ठेचा मोजायला लावलं. ज्या वाटेवर निरोप कमी वेळा अडखळतो, ती वाट बरी. लांब असली तर असू दे.

आणि तशी लांब वाट तिने मुद्दाम बांधली. दुकानातून रस्ता ओलांडून सरुबाईंच्या पिठाच्या गिरणीवर एक चाळण, तिथून कॉलनीच्या मागच्या पाण्याच्या टाकीवर दुसरी, आणि टाकीवरून उलट्या बाजूने बारा नंबरची गच्ची. निम्म्या कॉलनीला वळसा. शेखरशेठ गेटावर उभा राहून म्हणाला, "मॅडम, आपण घरचेच, पण देवळालीला जायला कुणी त्र्यंबकवरून जातं का?"

"रस्ता बंद असला की जातं," नवसाबाई म्हणाली. "तुमची केबल कुठून जाते? एकाच वाटेनं ना?"

"सरळ. चार नंबरच्या जिन्यातून मागे. सरळमार्गी माणूस आहे मी."

निकालाच्या आदल्या दिवशी पैज लागली. कार्टं म्हणालं, "मावशी, उद्या तुमचं नेट झोपणार. लिहून देतो."

"लावतोस?"

"लावतो. झोपलं तर महिनाभर तुम्ही पुणेरी बोलायचं. 'शे' एकदाही नाही."

नवसाबाईने अंगावर पाल पडल्यासारखं केलं. मग डोळे बारीक करून म्हणाली, "आणि नाही झोपलं तर महिनाभर तू कुणाचा आवाज काढायचा नाही. अण्णांचा नाही, शेखरचा नाही, त्या उंदराचाही नाही. बोलायचं ते स्वतःच्या आवाजात."

हात मिळवले. कार्ट्याला वाटलं, सोपं आहे.

निकाल अकरा वाजता होता. "बघ, अकराच शे," नवसाबाई म्हणाली, आणि तिने सकाळीच स्क्रीनसमोर ठाण मांडलं. स्क्रीनवर प्रत्येक गच्ची म्हणजे एक ठिपका: चालू हिरवा, बंद लाल. बाहेर शेखरशेठ टाय लावून फिरत होता. रावजी अण्णा घड्याळ हातात घेऊन गेटपाशी बसले होते.

आणि ऐन वेळी लाईट गेली.

लोडशेडिंगच्या वेळापत्रकात नसलेली. गेली ती फक्त पुढच्या ओळीची, एक ते सहा. मागच्या ओळीची वायर वेगळी, रस्त्यावरची वेगळी. दुकानात आणि गिरणीत पंखे गरगरत होते. नवसाबाईच्या स्क्रीनवर पुढच्या ओळीतले ठिपके पटापट लाल झाले आणि मागची ओळ, उजेड असून, जगापासून तुटली. सगळीच्या सगळी लाल.

बाहेर शेखरशेठही पळत होता. केबलचा जोर टिकवणारं त्याचं यंत्र चार नंबरच्या जिन्यात, ते मेलेलं. "जनरेटर! अरे जनरेटर आणा कुणीतरी!"

कार्ट्याने आनंदाने घसा साफ केला आणि पुणेरी शिकवणी सुरू केली. "म्हणा मावशी: अहो, जरा ऐकता का, आमचे इंटरनेट निवर्तले आहे हो."

नवसाबाईने हात उगारला नाही. तिने कीबोर्डलाही हात लावला नाही. पाटाला नवं तोंड फोडल्यावर बाप बांधावर शांत बसून राहायचा; नाचलं म्हणून पाणी लवकर येत नाही, म्हणायचा. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. एकदा वेढा घातला, सोडला, पुन्हा घातला. दारातून गेणू डोकावला, तिच्या बोटाचा वेढा बघून आत आला नाही.

ठेचा मोजणारे डबे आता सरळ वाटेवर ठेचाच ठेचा मोजत होते.

मग गिरणीचा ठिपका मिचकावला. पाठोपाठ टाकीचाही, आणि मग लाल ठिपके एकामागून एक हिरवे झाले. बारा नंबर. अकरा. दहा. देवळालीला जाणारी गाडी त्र्यंबकवरून निघाली होती.

दहा नंबरच्या गॅलरीतून पूजाची किंकाळी आली. "लागलाऽऽ! लागलाऽऽ!"

अण्णा गेटवरून ओरडले, "काय लागलं? नेट की निकाल?"

"दोन्हीऽऽ! फर्स्ट क्लास!"

पुढची अख्खी ओळ परीक्षेचे नंबर हातात घेऊन मागच्या ओळीत घुसली. पूजाच्या दारात चपलांचा ढीग, आत एका कॉम्प्युटरवर सात डोकी. अण्णांनी स्वतः आत जाऊन नातवाचा निकाल पाहिला, डोळे पुसले आणि घसा साफ करत खाली आले.

"अण्णा, हा काही न्याय नाही," शेखरशेठ घामाघूम झाला होता, टाय पाठीवर गेलेला. "लाईट गेली, त्यात माझा काय दोष?"

"मन्ही बी गयी ना!" नवसाबाई दुकानाच्या पायरीवर कमरेला हात लावून उभी होती. "सहा गच्च्या मेल्या माझ्या. तुमचं एक यंत्र मेलं."

अण्णांनी दोघांकडे पाहिलं. मग वर, चाळणीकडे.

"ह्हूं. ठरावानुसार मागच्या ओळीला निकाल दिसला. गच्ची नवसाबाईंची." आणि आवाज खाली आणून, "फक्त आमच्या हिची साबुदाण्याची चाळण हरवली आहे. ती वर नाही ना, एवढं बघा."

पैजेचा महिना दुसऱ्या दिवशी सुरू झाला. दुकानातला फोन वाजला, नवसाबाईचे हात वायरीत गुंतलेले, तिने मानेनेच खूण केली. कार्ट्याने उचलला. पलीकडे शेखरशेठ.

"कोण बोलतंय?"

कार्ट्याच्या घशाशी आधी रावजी अण्णा आले, ते गिळले. मग उंदीर आला, त्यालाही गिळलं. शेवटी जो आवाज निघाला तो कुणाचाच नव्हता. फुटका, अर्धा जाड, मध्येच वर चढून घसरणारा.

"मी... मी बोलतोय."

"मी कोण? राँग नंबर!" आणि फोन बंद.

नवसाबाई वायर सोलता सोलता हसली.

"बोल, बोल. त्या चॅनलवर अजून गर्दी नही शे."